भाता किती जोरात ओढायचा?

मागच्या जानेवारीत पहाटे साडेपाचला आमच्या गावच्या प्रार्थना मंदिरात एका काकाजींचे हात वाकडे झाले. दोन्ही हातांची बोटं जुळून ताठ, अंगठे आत वळलेले, ओठांभोवती मुंग्या, चेहरा पांढराफटक. "लकवा मारला वाटते याले!" कोणीतरी ओरडलं. एकानं खिशातून अंगाऱ्याची पुडी काढली. तिसरा मोटारसायकल चालू करायला धावला. लकवा नव्हता आणि बाहेरचंही काही नव्हतं. काकाजींनी सलग दहा-बारा मिनिटं भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं, केली होती, मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिली तशी, फुल स्पीडनं, शेजारच्यापेक्षा जास्त मारायची म्हणून. पंधरा-वीस मिनिटांत बोटं आपोआप सुटली. मग त्यांनी चहा मागितला आणि विचारलं, "गुर्जी, मले काऊन असं झालं?"

प्राणायामाचा तो वर्ग मी घेत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेला माणूस मी, कवायतीसारखं "एक-दोन, एक-दोन" म्हणत लोकांकडून श्वास करवून घेत होतो. सुरू कसं करायचं ते सांगत होतो, थांबायचं कधी ते कधीच सांगितलं नव्हतं. काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हतं. नंतर वाचलं, तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं, आणि आता वर्गात जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

आधी एक समजूत मोडायला हवी. "जोरात श्वास घेतला की ऑक्सिजन वाढतो" असं जो तो सांगतो. कोरोनाच्या वेळी आशाताईंनी घरोघर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर सगळ्यांनी पाहिला आहे. धडधाकट माणसाचा आकडा ९५ ते १०० च्या मध्ये येतो, तोही नुसता बसलेला असताना, प्राणायाम न करता. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, आणि आपण बाहेर सोडतो त्या उच्छ्वासातही तो सुमारे १६ टक्के उरलेला असतो. म्हणजे नेहमीच्या श्वासातला ऑक्सिजनही शरीर पुरता वापरत नाही. कणगी तोंडापर्यंत भरली असताना वरून ज्वारी ओतत राहिलात तर ती सांडणारच.

जोरजोरात श्वास घेतल्यानं खरा बदल होतो तो दुसऱ्या वायूत, कार्बन डायऑक्साइडमध्ये. शाळेत आम्हीच शिकवलं की हा वायू म्हणजे शरीराचा कचरा. ते अर्धंच खरं. रक्त किती आम्लधर्मी आणि किती अल्कधर्मी राहावं याचा तोल बराचसा हाच वायू सांभाळतो, आणि मेंदू त्याच्यावर सतत नजर ठेवून असतो. "आता श्वास घे" ही आतली हाक मुख्यतः हा वायू वाढला म्हणून येते, ऑक्सिजन कमी पडला म्हणून नव्हे. नाक दाबून बसा, अर्ध्या मिनिटात जी तगमग होते ती त्याची.

काकाजींनी दहा मिनिटं भाता ओढून हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला. त्यानं रक्त अल्कधर्मी झालं. तसं झालं की रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, नसा चिडचिड्या होतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि पुढे स्नायू आखडतात. सोबत मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, डोकं हलकं होतं. माझं स्पष्ट मत सांगतो, "आज लय हलकं वाटलं गुर्जी, कुंडलिनी जागली" असं जे काही जण सांगतात, त्यात कुंडलिनीचा वाटा किती ते देव जाणे. मेंदूकडचं रक्त कमी झाल्याचा वाटा मात्र नक्की असतो.

असं कोणाला झालं तर काय करायचं? व्यायाम थांबवा, माणसाला भिंतीला टेकवून बसवा, त्याच्याशी बोला, आणि नाकानं सावकाश, लहान श्वास घ्यायला लावा. घाबरून तो अजून जोरात श्वास घेतो आणि गोष्ट वाढते, म्हणून भोवतीची गर्दी हटवणं हा अर्धा उपचार. तोंडावर पिशवी धरायची जुनी रीत आता डॉक्टर टाळा म्हणतात, कारण दम लागण्यामागे हृदयाचं काही असलं तर पिशवीनं घात होईल. लकव्याची ओळख वेगळी: त्यात बहुतेक वेळा एकच बाजू जाते. तोंड एकीकडे ओढलं जातं, एकच हात खाली पडतो, बोलणं बोबडं होतं. तसं दिसलं, किंवा छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका, १०८ ला फोन करा.

याच वायूमुळे होणारी आणखी एक गोष्ट सांगतो. प्राणायामाशी तिचा संबंध नाही, पण उन्हाळ्यात आमच्याकडे ती रोज घडते. पोट्टे विहिरीत उड्या मारतात, बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो याची पैज लावतात, आणि त्याआधी छाती फुगवून दहा-वीस जोरदार श्वास घेतात. त्यानं ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड इतका घटतो की श्वासाची हाकच उशिरा येते. ती येण्याआधी ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्याखालीच बेशुद्ध होतं. चांगले पोहणारेही असे बुडतात. पोट्ट्यांना हे आजच सांगून ठेवा.

आता नावांचा घोळ. भस्त्रिका म्हणजे भाता. आमच्या लोहाराकडे वखराची पास घेऊन गेलं की तो आधी भाता हळू ओढतो, निखारे फुलू देतो, मग वेग वाढवतो. पहिल्याच झटक्याला जोर लावला तर राख डोळ्यात जाते. कपालभातीला सगळे प्राणायाम म्हणतात. पण हठप्रदीपिका या जुन्या ग्रंथात ती धौती, नेतीसारख्या सहा शुद्धिक्रियांमध्ये मोजली आहे, प्राणायामांत नाही. म्हणजे ते घर झाडणं आहे, आणि घर कोणी दिवसभर झाडत बसत नाही. याच ग्रंथात स्वात्मारामांनी म्हटलं आहे की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. ताडोबाच्या बफरमधल्या माणसाला यातला वाघ समजावून सांगावा लागत नाही.

कपालभाती करायचीच तर तिची घडण समजून घ्या. झटका फक्त श्वास सोडताना, तोही पोटानं. श्वास आत घ्यायचा नसतो, तो आपोआप येतो. खांदे हलले, मान ताणली, चेहरा लाल झाला की चुकलं. मी नव्या माणसाला सेकंदाला एकापेक्षा जास्त वेग देत नाही आणि वीस झटक्यांवर थांबवतो. मग तो मिनिटभर शांत बसतो. असं दोनदा, बस. "मी तं तीनशे मारतो" म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो. त्याला मारू द्या, पण आपण त्याच्या बाजूला बसू नका, कारण चढाओढ नकळत लागते.

झटक्यानं पोटातला आणि छातीतला दाब वाढतो, त्यामुळे काही जणांनी कपालभाती आणि भस्त्रिका दोन्ही करू नयेत. सगळ्यात आधी हर्नियावाले. आमच्याकडे पोती उचलून उचलून जांघेत गाठ आलेले कितीतरी जण आहेत, आणि ते ती धोतरात लपवून वर्गाला येतात. गरोदर बायांनी अजिबात नाही. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, सिझेरियन किंवा पोटाची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. वाढलेलं बीपी, हृदयाचा आजार, फिट येणं, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, पोटातला अल्सर, या सगळ्यांनी नाही. पाळीच्या दिवसांत बायांनी झटक्याच्या क्रिया टाळाव्यात ही जुनी रीत आहे, मीही तीच पाळायला सांगतो; संथ श्वासाला मात्र त्या दिवसांतही आडकाठी नाही.

जुना टीबी झालेल्यांकडे मी वेगळं लक्ष देतो. टीबी बरा होतो, पण फुप्फुसावर वण राहू शकतात, आणि अशा जागी फुप्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत शिरण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे धडधाकट माणसालाही क्वचित होतं. २००४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कपालभाती करताना २९ वर्षांच्या निरोगी बाईचं फुप्फुस असं फाटल्याची नोंद प्रसिद्ध केली आहे. लाखो लोक कपालभाती करतात आणि अशी नोंद विरळा, हेही खरं. पण व्यायाम करता करता छातीच्या एका बाजूला अचानक कळ आली आणि दम लागला, तर "गॅस असेल" म्हणून घरी झोपू नका.

श्वास रोखून धरण्याला कुंभक म्हणतात, आणि माझ्या वर्गात तो नाही. मला ते साधत नाही अशातला भाग नाही, समोर पंचेचाळीस माणसं बसली असताना कोणाचं बीपी किती ते मला दिसत नाही म्हणून. जोर लावून श्वास कोंडला की बीपी वर-खाली होतं. संडासला कुंथताना म्हातारी माणसं कोसळतात, त्यामागेही हाच दाब असतो.

विदर्भात कुंभकाबद्दल अजून एक गोष्ट बोलायलाच हवी, आणि ती पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सापडत नाही. आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. या आजारात रक्तातला ऑक्सिजन घटला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखं दुखणं उठतं. तपासणीत ज्यांचा पॅटर्न एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, आहे त्यांनी श्वास रोखायचा नाही, धाप लागेल असं काही करायचं नाही, आणि पाणी भरपूर प्यायचं. पोटानं संथ श्वास घ्यायलाही आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना सहसा त्रास नसतो, तरी टोकाचे प्रयोग त्यांनीही करू नयेत. तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

एवढं सगळं ऐकून एक वहिनी म्हणाल्या, "मंग कराचं तरी काय?"

करायचं ते साधंच आहे, म्हणून लोकांना त्याचा कंटाळा येतो. सतरंजीवर उताणं पडा, गुडघे वाकवा, बेंबीवर एक हात ठेवा. श्वास घेताना हात वर यायला हवा, छाती जवळपास स्थिर. लहान लेकरू झोपेत असंच श्वास घेतं, बघा. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू खाली सरकला की पोट पुढे येतं. आठवडाभर फक्त एवढंच, पाच-पाच मिनिटं. मग बसून करा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा. पतंजलींनीही आधी आसन, मग प्राणायाम असाच क्रम सांगितला आहे, आणि आसनाचं वर्णन 'स्थिर आणि सुखाचं' एवढंच केलं आहे. गुडघा ठणकत असताना पद्मासनात बसणं त्यात बसत नाही.

मग मोजणी. तीन आकडे श्वास आत, तीन बाहेर. हे सहज जमलं की बाहेरचा लांबवायचा: तीन आत, चार बाहेर, मग पाच, मग सहा. भर नेहमी सोडण्यावर. मनगटाची नाडी धरून स्वतःच बघा, श्वास घेताना ठोके थोडे जलद पडतात, सोडताना थोडे मंदावतात. तरुण माणसात हे जास्त स्पष्ट जाणवतं. हृदयाला संथ करणारी नस उच्छ्वासाच्या वेळी जास्त काम करते, म्हणून लांब उच्छ्वासानं धडधड कमी होते. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. सरावानं सहाच्या आसपास आलात तरी पुष्कळ झालं. शेवटच्या आकड्याला पुढचा श्वास हिसकावून घ्यावा लागला, तर मोजणी लांब झाली असं समजा आणि एक आकडा कमी करा. वर्गात मला एवढी एकच खूण पाहावी लागते.

या सहाच्या आकड्याची एक गंमत आहे. २००१ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणणारे आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणणारे, दोघांचाही श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आलेला दिसला, कोणी मोजायला सांगितलं नसताना. ते वाचल्यापासून संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत मी म्हाताऱ्या माणसांच्या पाठी पाहत बसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पहाटेचं ध्यान आणि संध्याकाळची प्रार्थना गावागावांत रुजवली. लांब ओढलेल्या ओळीच्या शेवटी सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो ते पाहण्यासारखं असतं. मात्र नागपूर-अमरावतीकडच्या खड्या भजनात, खंजिरी तापली की मिनिटाला सहा राहत नाहीत, हेही सांगून टाकतो.

अनुलोम-विलोम याच संथपणे, न रोखता करा. एका नाकपुडीनं घ्यायचा, दुसरीनं सोडायचा, मग तिनंच घेऊन पहिलीनं सोडायचा. बोटांनी नाक हलकं मिटायचं, चिमटा काढायचा नाही. एक नाकपुडी थोडी बंद वाटली तर घाबरू नका, नाकपुड्या दर काही तासांनी आलटून-पालटून मोकळ्या होत असतात. सर्दीनं दोन्ही चोंदल्या असतील तर त्या दिवशी सुट्टी. भ्रामरी सगळ्यांत निर्धोक, लेकरांनाही आवडते. तोंड मिटून 'म्म्म' असा भुंग्यासारखा आवाज, श्वास संपेपर्यंत. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी मोजलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट होतो. सायनसमधली हवा खेळती होते म्हणून. भ्रामरी करताना कान मिटायचे असतील तर कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा बोटानं हलका दाबायचा, बोट आत खुपसायचं नाही. कान वाहत असेल तर हात मांडीवरच ठेवा.

आता हवा. दीर्घ श्वास म्हणजे आजूबाजूला जे आहे ते खोल आत नेणं. घरात चूल पेटलेली, पऱ्हाट्यांचा धूर कोंडलेला, आणि बाजूच्या खोलीत सून प्राणायाम करते, हे मी पाहिलं आहे. आधी धूर बाहेर काढा. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांनी कामावरून आल्या आल्या करू नये. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं राबणाऱ्याला सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर ते आजाराचं लक्षण आहे, तपासून घ्या. प्राणायामानं ते झाकलं जाऊ नये.

फवारणीच्या दिवसांत जास्त जपा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारून आलेल्या माणसाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, ओकारी झाली, दम लागला, तर "जरा अनुलोम-विलोम कर, बरं वाटेल" म्हणण्याची वेळ ती नव्हे. कपडे उतरवा, साबणानं आंघोळ घाला आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. ज्या वावरात फवारणी चालू आहे त्याच्या धुऱ्यावर तर श्वासाचा व्यायाम नकोच.

उन्हाळ्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा भस्त्रिका मी बंदच ठेवतो. त्या दिवसांत शीतलीची मागणी असते: जिभेची पन्हाळी करून तोंडानं श्वास घ्यायचा. जीभ गार लागते हे खरं. पण तोंडानं घेतलेली हवा नाकातून गाळून येत नाही, म्हणून धूळ उडत असताना ती करू नये, दमेकऱ्यानं तर नाहीच. आणि शीतलीनं उष्माघात उतरत नाही. ऊन लागलेल्याला सावली, ओलं फडकं, पाणी आणि डॉक्टर लागतो.

दमा म्हटलं की आमच्या वर्गात नेहमी हशा होतो, कारण फवारणीचाही पंप आणि दम्याचाही पंप. दम्याचा पंप खिशात ठेवूनच बसा. संथ श्वासानं दमेकऱ्याला बरं वाटू शकतं, पण तो पंपाच्या जोडीला, पंपाच्या बदली नव्हे. बीपीची आणि शुगरची गोळीही तशीच. शेजारच्या गावातल्या एका मावशींनी कुठल्याशा शिबिरात ऐकून इन्सुलिन सोडलं आणि चौथ्या दिवशी त्यांना बैलगाडीनं सडकेपर्यंत आणावं लागलं. शुगरवाल्यांना अजून एक: गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी बसू नका. बाकी सगळ्यांनी जेवणानंतर तीन-चार तासांनी किंवा पहाटे पोट साफ झाल्यावर.

शिकायला माणूस हवा, मोबाइल नको, एवढाच माझा हट्ट. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथून शिकून आलेली तरुण मुलं आता तालुक्यांत दिसतात. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून योगक्रिया एक्स-रे आणि दाबमापकाखाली तपासल्या. तिथली परंपरा बघितली की कळतं, मोजून-मापून बोलणारा योगशिक्षक मिळू शकतो. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी तुम्हाला "काही दुखणं आहे का, गोळी कोणती चालू आहे" असं विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.

मी आता दारातच विचारतो. बायांना एक आशाताई वेगळं विचारते, कारण सगळं मला सांगणार नाहीत. २१ जून आला की शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम होतो, लेकरं रांगेत बसतात. त्यांना मी भ्रामरी आणि पोटाचा श्वास एवढंच देतो. मोठी माणसं त्या दिवशी कमीच असतात. पाऊस पडला असला तर सगळे पेरणीला. काकाजी मात्र येतात, भिंतीला टेकून बसतात, आणि भस्त्रिका सुरू झाली की हात वर करून सगळ्यांना आपली बोटं दाखवतात.